ए मायनर, पाचवा फ्रेट

४ फेब्रुवारी, मंगळवार
धाकटा ऐकतच नाही! मी निवृत्त झाल्यापासून मागे लागलाय — ताई, गिटार शीक. हा माझा भाऊ गिटारचे वर्ग घेतो. मी चौतीस वर्षं वॉर्डात सिस्टर. मला गिटार काय करायचीय? पण आज गिटार घेऊनच दारात उभा. आता नाही कसं म्हणणार?

६ फेब्रुवारी, गुरुवार
मायनर आर्पेजिओ. म्हणजे कॉर्डचे सूर एकदम छेडायचे नाहीत, एकामागून एक वाजवायचे. ए मायनरचे तीनच — ए, सी, ई. जाड तारेवर पाचव्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या पाचव्या पट्टीला पहिलं बोट, आठव्याला करंगळी. करंगळी पोचतच नाही! हजारो सलाइनी लावल्या, करंगळीचं काम कधी पडलंच नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
बोटांची टोकं हुळहुळी झालीत. यांना विचारलं, कसं वाटतंय ऐकायला? ‘ठेच लागलेला माणूस जिना चढतोय,’ म्हणाले. नवरा कसला, वैरी!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
धाकट्याशी भांडण. बारीक तिन्ही तारा पाचव्याच फ्रेटला, त्याही एकाच बोटाने. माझे सूर एकमेकांना चिकटतात. म्हटलं, अरे, एकदा वाजवून दाखव की! गिटार त्याच्यापुढे धरली. घेतली नाही. ‘बोट उचलू नकोस, लोळव. झोपेत कूस बदलतेस ना, तसं.’
मी चिडले. ‘मास्तर आहेस की रेडिओ?’
हसला नाही. गेल्यावर वाईट वाटलं. पण दहा दिवसांत एक सूर वाजवलेला नाही त्याने!

१५ फेब्रुवारी
सुटे! तिन्ही सूर सुटे आले. लागोपाठ सात वेळा.

२० फेब्रुवारी, गुरुवार
चहा ओतत होते. धाकट्याचा उजवा हात मांडीवर होता. अंगठ्यावर पहिलं बोट आपोआप फिरत होतं, गोळी वळावी तसं. कप उचलला, थांबलं. ठेवला, पुन्हा सुरू. तो गेल्यावर गॅलरीतून पाहिलं — चालताना डावा हात झुलतो, उजवा अंगाला चिकटलेला.
वॉर्डात कंपवाताचे असे हात किती पाहिलेत. यांना काही बोलले नाही. माझं चुकत असेल. चुकू दे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
आठवडाभर धीर झाला नाही. आज सरळ विचारलं. ‘हात दाखवलास कुणाला?’
‘नोव्हेंबरात. गोळ्या चालू आहेत. बायकोला माहीत आहे, वर्गात कुणाला नाही.’ मग म्हणाला, ‘वेगात वाजवायला गेलो की उजवा हात मागे राहतो, ताई.’
चौतीस वर्षं लोकांच्या नातेवाइकांना धीर दिला. आज मीच नातेवाईक.
‘मला आधी का नाही सांगितलंस?’
‘आधी ए मायनर वाजव.’
वाजवलं. उतरत्या सुरांना अडखळले. त्याने तोंडाने मोजणं थांबवलं नाही, म्हणून मीही थांबले नाही. डोळ्यांना तारा दिसत नव्हत्या, तो भाग वेगळा.

४ मार्च, मंगळवार
वर आणि खाली, दोन्ही स्वच्छ. ठेका देणारा मेट्रोनोम ऐंशीवर. डी मायनरही — तोच आकार, फक्त दहाव्या फ्रेटपासून. यांनी काहीच शेरा मारला नाही. म्हणजे बरं चाललंय.

७ मार्च, शुक्रवार
धाकट्याने आज सांगितलं. जानेवारीतच वर्ग बंद करायला निघाला होता. ‘वाजवून न दाखवता, नुसतं बोलून शिकवता येतं का, ते बघायचं होतं. परक्याच्या फीवर कसं बघणार? म्हणून तुला धरलं.’
म्हटलं, मग? काय ठरलं?
‘सोमवारपासून नवी बॅच घेतोय.’