खंडेनवमी आणि शेवटचा ठोकळा

८ ऑक्टोबर २००१, सोमवार
मोतीरामशेठनी केबिनमध्ये बोलावलं. २७ तारखेपर्यंत पुण्याच्या मोटर कंपनीला चांगलं सॅम्पल गेलं, तर मॅग्नेट सेक्शन चालू राहील आणि मी मॅनेजर. नाहीतर सेक्शन बंद, हॉट प्रेस विकायला. मी म्हटलं, शेठ, निश्चिंत राहा. अख्ख्या अंबड एमआयडीसीत हे काम समजणारा माझ्याशिवाय आहे कोण? व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर लिहून ठेवला.

१२ ऑक्टोबर
प्रोसेस साधी आहे. चुंबकाच्या पावडरचा ठोकळा आर्गन गॅसमध्ये साडेसातशे डिग्रीला न्यायचा आणि हळूहळू चेपायचा. आतले बारीक कण चपटे होऊन एका दिशेला वळतात, चुंबक त्या दिशेनं जबरदस्त ओढतो. फक्त तापल्यावर तीन मिनिटांत चेपायला घ्यायचं. जास्त वेळ राहिला तर कण फुगतात, सगळं मुसळ केरात.
आज दोन ठोकळ्यांच्या कडा फाटल्या. ऑपरेटर झुंबर म्हणतो, लय जोरात दाबलं साहेब. काहीतरीच. दोष डायचा, म्हणजे साच्याचा आहे.

१७ ऑक्टोबर
आणखी तीन फाटले. लॅबमधली रूपालीही म्हणते, स्पीड कमी करा सर. करणारच होतो. उद्यापासून सकाळी आठला हजर.

१८ ऑक्टोबर, १०.४०
पोचलो. इंदिरानगरहून निघताना स्कूटर चालू होईना.

२२ ऑक्टोबर
शेठचा दोनदा फोन. पावडर एकाच ठोकळ्यापुरती उरलीय, नवी यायला महिना. शेवटचा ठोकळा मी स्वतः करणार, उद्याच, शांत डोक्यानं.

२३ ऑक्टोबर
पित्त.

२४ ऑक्टोबर
दिवसभर लाइट नाही. उद्या खंडेनवमी, बाराला मशीनची पूजा. अकराला ठोकळा चढवतो, बाराच्या आत मोकळा.

२५ ऑक्टोबर, दुपारी २
अकराच्या ऐवजी साडेअकराला चढवला. डाय दोनदा पुसली, घाई नको म्हणून. बाराला बरोबर साडेसातशे. तेवढ्यात शेठ, गुरुजी, सगळा स्टाफ आत. प्रेसला झेंडूचा हार, हँडलला हळदकुंकू, समोर नारळ. झुंबर कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, आत माल तापलाय. शेठला सांगा, थांबतील." पण शेठ डोळे मिटून उभे. एवढ्या लोकांत पूजा थांबवा म्हणायचं? मी हात जोडून उभा राहिलो. आरती झाली, पुन्हा दुसरी आरती. चाळीस मिनिटं.
सगळे पेढे खायला गेल्यावर हार बाजूला करून मीच चेपला. एकही कड फाटली नाही! विचार केला तर चांगलंच झालं. कणांना वळायला निवांत वेळ मिळाला.

२७ ऑक्टोबर
सॅम्पल स्वतः पुण्याला नेऊन दिलं. रूपाली म्हणत होती, आधी इथं मोजू. मी नको म्हटलं. उगाच शंका कशाला? कार्डं छापायला टाकली, शंभर.

२ नोव्हेंबर
रिपोर्ट नाही. म्हणजे बारकाईनं बघतायत. झोप नाही.

५ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. सोबत फोटो. कण भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगलेले. मोटर जरा गरम झाली की चुंबकाचा जोर जाणार. नापास.
शेठसमोर मी व्होल्टेज, डाय, पावडर सगळं सांगितलं. त्यांनी झुंबरला बोलावून विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. शेवटी मीच पूजेचं सांगितलं. शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "अहो, एक शब्द बोलायचा होता. हार काय, नंतरही घातला असता."
मला लाज वाटली होती. दुसरं काही कारण नाही.

९ नोव्हेंबर
प्रेस ट्रकवर चढली. शेठनी मला स्टोअरमध्ये घेतलं, रूपालीला दुसऱ्या प्लँटच्या लॅबमध्ये. झुंबरचं कुणी काही बोललं नाही. गेटवर त्यानं विचारलं, साहेब, सोमवारी मी कुठं येऊ? म्हटलं, बघतो. काय बघणार, कपाळ.