उजवी पाकळी

बाबा, आज सकाळी त्या चिरेवाल्याची मुलगी देवळात आली होती. दादाच्या खुनासाठी तुरुंगात गेला तोच चिरेवाला. गेल्या महिन्यात तो तिथेच वारला. मुलगी बेळगावहून एकटीच आली, हातात नारळ. म्हणाली, "काका, मरताना पण बाबा नाहीच म्हणत होते. एकदा देवाला विचारा की. काय निघेल ते निघू दे, मी ऐकून घेते." तुमच्यामागे देवाची पूजा माझ्याकडे आली, तेव्हा नाही कसं म्हणणार? देवाला दोन पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर तिच्या बापाने केलं, डावी पडली तर नाही. देवाने उजवीच दिली. त्याला मी काय करू?

दादा गेला त्या दिवशी मी गोव्यात मांद्र्याला होतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. समुद्रकाठच्या एका गेस्टहाऊसचं रंगकाम चाललं होतं. संध्याकाळी घरी आलो तर दादा चिऱ्याच्या खाणीत पडलेला सापडला होता, डोकं फुटलेलं. खाणीवरून त्याचं आणि चिरेवाल्याचं आदल्याच आठवड्यात भांडण झालं होतं, त्यामुळे गावाचं बोट त्याच्याकडेच. सुतक फिटल्याबरोबर सगळे कौल लावायला जमले. तुमचा हात थरथरत होता म्हणून पाकळ्या मी लावल्या. उजवी पडली. लोकांनी त्याला देवळाबाहेरच तुडवला. पुढे कोर्टात मी साक्ष दिली, की मांद्र्याहून येताना त्याला खाणीच्या डोंगरावरून धावत उतरताना पाहिलं.

लहानपणी तुम्ही मला पाकळी लावायला शिकवलंत ते दिसतं अजून. पाण्यात बुडवून देवाच्या अंगावर चिकटवायची. एकीला मी पाणी कमी लावलं आणि ती लगेच गळली. तुम्ही हातावर फटका मारलात. "दोनय पाकळ्यांक सारख्या पाणी लाव. देवाचो हात धरू नको." तेवढा एकच मार मी तुमच्या हातचा खाल्ला.

आणि चपला आठवतात. दादाला आणलं त्या संध्याकाळी सगळे अंगणात रडत होते आणि तुम्ही विहिरीवर माझ्या चपला धूत बसला होतात. मी जवळ आलो तशी मान वर न करता म्हणालात, "मांद्र्याची रेव पांढरी रे." दगडावर तांबडी माती वाहत होती. पुढे वर्षभर, म्हणजे जाईपर्यंत, मी मांद्र्याहून आणलेल्या पावाच्या उंड्यांना तुम्ही हात लावला नाहीत. आई म्हणायची, मुलाच्या दुःखाने ह्यांची अन्नावरची वासना उडाली.

बाबा, मांद्र्याहून मी दुपारीच परतलो होतो. दादा काजूचा डोंगर दिल्लीवाल्यांना विकायला निघाला होता, मला न विचारता. खाणीच्या कडेवर आमची जुंपली. तो हसला, म्हणाला, "तू रंग मार जा." मी ढकललं. तोल गेला असं लिहिणार होतो, पण तुम्हाला काय सांगायचं? खालून त्याने मला दोनदा हाक मारली. मी घरी न येता पुन्हा मांद्र्याची वाट धरली आणि कठड्याचा उरलेला रंग पुरा केला.

कौलाच्या दिवशी तुमचा हातही थरथरत नव्हता. तुम्ही दोन्ही पाकळ्या माझ्या तळव्यावर ठेवल्यात, माझ्याकडे पाहिलंत आणि बाजूला झालात. तुम्ही मला एक संधी देत होता. ते मला तेव्हाच कळलं होतं. मी भ्यालो.

आज तशीच संधी ती मुलगी घेऊन आली होती. चिरेवाला गेला, तुम्ही गेलात, आता मला विचारणारं कोण आहे? उजवी पडली तशी ती रडलीसुद्धा नाही. वाकून माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "बरं झालं काका, एकदाचं कळलं." बसथांब्याकडे जाताना नारळाची वाटी तिने पदराखाली धरली होती.

हे कागद आता चुलीत घालतो. बाबा, उजव्या पाकळीला मी आजही पाणी कमीच लावलं.