बाबांचं इंजिन खोलायचं की नाही

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
श्रावण, १९८७

ती. भागीरथीआक्कास,

धाकट्या गोमाजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगीत पाणी वर चढतं का, दाजींचा खोकला थांबला का, ते कळव. इकडे सर्व खुशाल (माझं डोकं सोडून).

बाबांच्या होडीचं इंजिन पूर्ण खोलायचं की नाही, या एका प्रश्नाने मला धड बसवत नाही की उभं राहवत नाही. पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढली त्या दिवशी मी त्याला भंगार म्हणालो, होडी विकून कंपनीत लागतो म्हणालो, आणि तू जेवायलाही न थांबता निघून गेलीस, हे तुझ्या लक्षात असेलच. आता नारळी पौर्णिमा तोंडावर आली म्हणून हँडल मारलं. सुरू झालं, पण शेजारच्या दगडाबाईची वाळत घातलेली लुगडी काळी करून, धापा टाकत बंद पडलं (दगडाबाई अजून ऐकवते आहे).

म्हणून वर्तकनगरच्या महिपतला आणला. तो ट्रक दुरुस्त करतो, होडी त्याने फक्त पुलावरून पाहिलेली. त्याने लांबूनच निकाल दिला, इंजिन गेलंय शेठ, पिस्टन, रिंगा, लायनर सगळं बदलायला लागेल. मी म्हटलं, बाबा रे, बघ तरी. झिजलेलं इंजिन तेलाच्या झाकणातून धूर फुसफुसतं म्हणे, तर झाकण काढल्यावर तिथे काहीच नाही. झिजलेल्या इंजिनाचं हँडल सहज फिरतं म्हणे, तर हँडलने उलटा झटका देऊन त्यालाच जाळ्यांच्या ढिगावर बसवलं. तिथे बसूनही हा खोलायलाच लागेल म्हणतो! मी सकाळी खोल म्हणतो, दुपारी थांब म्हणतो. तुझी भावजय शेवंती म्हणते, आधी तुमचं डोकं खोलून घ्या. पण आक्का, खोललं आणि आत खरंच काही उरलं नसलं तर होडी विकावीच लागेल, आणि बाबांचं म्हणावं असं या किनाऱ्यावर काही राहणार नाही. आता मला त्याचीच भीती वाटते. पौर्णिमेला सगळ्यांच्या होड्या खाडीत उतरतील, आणि मी नारळ घेऊन नुसता काठावर.

काय करू ते लगेच कळव.

तुझा येरझाऱ्या घालणारा भाऊ,
गोमाजी

ता. क. शेवंतीने आत्ताच दाखवलं. होडी ओढली त्या दिवशी तू रागारागात इंजिनाची ओटी भरलीस, तो हिरवा खण हवा ओढायच्या तोंडावरच करकचून बांधला आहेस. फळीआड होता म्हणून कुणाला दिसला नाही. नाक दाबल्यावर बिचारं धापा नाही टाकणार तर काय? महिपत चाकू घेऊन पुढे झाला, त्याला मी मागे ओढला. माहेरवाशिणीने बांधलेली ओटी तिनेच सोडायची, ही आपल्या घरची रीत. तेव्हा पौर्णिमेआधी येऊन गाठ सोड.

आणखी एक. हे दाजींना वाचून दाखवू नकोस. शेवंतीने गाठ सोडून पाहिली. पहिल्याच हँडलला इंजिन सुरू झालं, बाबा असताना वाजायचं तसंच वाजलं. खण मी परत होता तसा बांधून ठेवला आहे. तू ये.