डिकीची चावी

बाबा,

गाडीची डिकी उघडली. तुम्ही गेल्यापासून ती बंद होती आणि ती बंद असण्याची आम्हांला सवय झाली होती, घरातल्या एखाद्या न बोलणाऱ्या माणसाची होते तशी. आता ती उघडल्यावर मला काही कळेनासं झालं आहे. तुम्हांला विचारावं असं वाटलं.

तुम्हांला ठाऊक नाही तिथून सांगतो. डिचोलीला खाणीच्या स्टोअरमध्ये तुम्ही पडलात, तेव्हा तुम्हांला खाणीच्या जीपमधून इस्पितळात नेलं. गाडी गेटजवळच राहिली. ती नंतर काकांनी कोरगावला घरी आणली. गाडी सुरू करायची चावी टेबलाच्या खणात मिळाली. डिकीची चावी वेगळी होती, ती तुम्ही शर्टाच्या खिशात ठेवायचात. तो शर्ट इस्पितळातून परत आला नाही. त्या वर्षी सुतक, गणपती नव्हता. पुढच्या चवथीआधी काका जुन्या घराच्या माळ्यावर चढले, आजोबांच्या वेळचा पाट काढायला. आपल्याकडे चित्रशाळेत आधी आपला पाट नेऊन द्यावा लागतो, त्या पाटावरच मूर्तिकार आपला गणपती घडवतो, हे तुम्हांला सांगायला नको. पाट नाहीसा होणं म्हणजे काय, हे मात्र मला तुमच्यामागे कळलं. माळ्यावर पाट नव्हता. काका तुम्ही बांधलेल्या नव्या घराच्या अंगणात येऊन उभे राहिले. आई खोबरं किसत होती, हातातली नारळाची कवड घेऊन तशीच दारात आली.

"पाट दादान नेलो," काका म्हणाले. "घर वेगळा झाला, आता गणपतीय वेगळो करूचो होतो तेका. डिकी उघडा. थंयच गावतलो."

आई म्हणाली, "मेलेल्या माणसाची झडती घेऊची नाय."

त्यानंतर डिकी उघडणं शक्यच नव्हतं. त्याला चावी नसणं हे कारण नव्हतं. उघडायला गेलो असतो तर आपणही तुमच्यावर संशय घेतला असं झालं असतं. काकांनी नवीन पाट करून घेतला आणि आम्हांला चवथीला बोलावलं नाही. आईनेही पाट करून घेतला. तेव्हापासून एका कुंपणाच्या दोन बाजूंना दोन गणपती बसतात. त्यांची आरती संपली की मग आपली सुरू होते, कारण दोन्ही घरांत चाल एकच आहे आणि एकदम म्हटली तर गोंधळ होतो. हे कुणी ठरवलेलं नाही. म्हणजे तुम्ही जे करणार होतात असं काका म्हणत, आणि जे तुम्ही कधीच केलं नसतं असं आई म्हणे, ते त्या दोघांनी मिळून केलं.

तुम्ही काय करणार होतात, हे शोधायला माझ्याजवळ फार थोडं आहे. शनिवारी तुम्ही डिचोलीहून येता. गाडीच्या दारांच्या कडांना लाल धूळ असते. तुम्ही डिकी उघडता आणि मी वाकून आत बघतो. आत बाजारातली भाजी, कधी फणस, आणि कागदात बांधलेले उंडे पाव, त्यांना पेट्रोलचा वास. आई स्वयंपाकघरात उंडा नाकाशी धरते आणि म्हणते, "पोदेरान पीठ पेट्रोलात मळल्यान काय?" तुम्ही त्यातला एक मोडून चहात बुडवता आणि सगळा खाता. एकदा मी डिकी आपटून लावली. तुम्ही ती परत उघडलीत, माझे दोन्ही तळवे पत्र्यावर ठेवलेत आणि म्हणालात, "आपटायची नाही. दाबायची." माझ्या हातांवर तुमचे हात होते. खट्ट आवाज आला. एवढंच. या माणसाच्या मनात गणपती वेगळा करायचं होतं की नव्हतं, हे उंड्यावरून आणि खट्ट आवाजावरून मी कसं ठरवू?

या पावसाळ्यात आई एकाएकी म्हणाली, "डिकी उघड आता. भावजींक बोलाव. तेंच्यासमोर उघड." तिचं खाणं कमी झालं आहे. ती पडवीतून फार उठत नाही. मी पणजीहून सुटी काढून आलो. काकांना बोलवायला गेलो तेव्हा ते काही न विचारता चपला घालून निघाले, कोपऱ्यातली पान्यांची पिशवी मात्र त्यांनी घेतली. खाणीवरचा त्यांचा ट्रक अजून माडाखाली उभा आहे, त्याच्या चाकांवरून वेल चढली आहे.

मी आधी दुसऱ्या चाव्या लावून बघितल्या, मग स्क्रूड्रायव्हर कुलपात घातला. काका म्हणाले, "लॉक मोडू नको. दादाची गाडी ती. आतसून जा." मागची सीट गुडघ्याने मागे रेटायची आणि वर उचलायची, मग पाठ टेकायची गादी, तिचे खालचे बोल्ट सोडवले की ती आकड्यांवरून सुटते, असं ते दाराशी उभे राहून सांगत गेले. बोल्ट गंजले होते. दोन्ही गाद्या मी पडवीत आईजवळ नेऊन ठेवल्या. गादीमागे पुठ्ठा होता, तो हाताला लागताच तुटला. आतून वास आला. पेट्रोलचा नव्हे, कोंडलेल्या लाकडाचा. मी मोबाईलचा उजेड पुढे धरून आत सरकू लागलो आणि कमरेशी अडकलो.

"पोट आत घे, मास्तर," काका म्हणाले. "कॉलेजात शिकवन ह्याच कमावलंस काय?"

पडवीतून आई हसली. काकांच्या बोलण्यावर ती हसते, हे मी विसरलो होतो.

कुलपाच्या मागे एक सळी असते, ती स्क्रूड्रायव्हरने बाजूला दाबायची. मी तिथे पोचलो तेव्हा माझी कोपरं एका गाठोड्यावर टेकली होती. ते काय आहे हे मला हातालाच कळलं. सपाट, चार कोपऱ्यांचं. क्षणभर वाटलं, सळी दाबू नये, बाहेर येऊन सांगावं की जमत नाही. काका बाहेरून म्हणाले, "गावली काय रे सळी?" मी दाबली. झाकण वर गेलं आणि उजेडात मला काकांची पावलं दिसली.

गाठोडं तुमच्या पंच्याचं होतं. ते आम्ही आईसमोर नेऊन सोडलं. आत दोन पाट. वरचा आजोबांचा. त्याचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला, खालच्या बाजूला कोरलेला शंख, आपल्या घराची खूण. खालचा पाट नवा, फणसाचा, त्याच लांबीरुंदीचा. पाठीवर काही नाही, तासलेलं कोरं लाकूड. काकांनी एक पाट दुसऱ्यावर ठेवून कडांवरून बोट फिरवलं. कुठेच अडकलं नाही.

मला वाटलं, आता काका म्हणतील, मी सांगत होतो. आणि आई म्हणेल, कोपरा बघा, त्यांना खराब झालेला पाट बदलायचा होता. मी दोघांमध्ये उभा होतो, कुणाला आधी आवरायचं याच्या तयारीने.

काका म्हणाले, "वाळवी लागलेली. मीच तेका सांगलेलां, पाट बदल म्हणान. माझ्या ध्यानातसून गेला, वैनी. दादाच्या मनात वेगळा काय नव्हता."

आईने नव्या पाटावर हात ठेवला होता. ती म्हणाली, "नाय भावजी. तुम्ही म्हणत होतात ताच खरा. तेंका वेगळो गणपती करूचो होतो. माका तेंनी सांगलेलां. जुन्याच्या मापान नवो करतंय आणि जुनो परत ठेवतंय म्हणाले."

"तसा नाय ता."

"तसाच ता."

आणि ते दोघे वाद घालू लागले, हळू आवाजात, एकमेकांची बाजू घेऊन. मी ऐकत राहिलो. काकांनी खरंच तुम्हांला सांगितलं होतं, तर अंगणात उभं राहून ते तसं का बोलले? आईला तुम्ही खरंच सांगितलं होतं, तर ती इतकी वर्षं कशावर ठाम होती? दोघांतलं एक तेव्हा खोटं बोललं, किंवा दोघंही आज खोटं बोलत आहेत. आज बोलत असतील तर ते एकमेकांसाठी बोलत आहेत, आणि मग तुमचं काय होतं, ते कुणाजवळच उरत नाही. मी त्यांना विचारू शकलो असतो. आई मला म्हणाली, "चहा ठेव." मी आत गेलो. तुमच्यामागे काका या घरात पहिल्यांदाच चहा प्यायले, गाडीच्या सीटवर बसून.

नंतर ते म्हणाले, "यंदा एकच करूया." आई म्हणाली, "करूया." मग कोणाच्या घरी, कोणत्या पाटावर, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही पाट परत पंच्यात बांधले, डिकीत ठेवले आणि झाकण दोन्ही तळव्यांनी दाबलं. आपटलं नाही. खट्ट आवाज झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे चावी नाही.

सीट अजून पडवीत आहे. काका संध्याकाळी येतात, तिच्यावर बसतात, आई समोर कुळीथ निवडते. पाटाचं ते काढत नाहीत. बोल्ट माझ्या खिशात आहेत. आतून हात घातला तर डिकी केव्हाही उघडेल.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक सांगून टाकतो. काल चित्रशाळेतून फोन आला, सगळ्यांचे पाट पोचले, तुमचाच राहिला. मी म्हटलं, पाट डिकीत आहे, चावी मिळत नाही.