आठ दिवसांचा दगड

शिरड शहापूर, पौष वद्य पंचमी, शके १८६०

रा. रा. किसनराव मास्तर यांसी, तुमच्या बहिणीचे यजमान तातेराव यांचा रामराम. तुमची शाळा, तुमची मुले आणि तुमचा दमा ही तिन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम आहे असे म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो.

'टेंपररी' या शब्दाचा अर्थ मुळासकट कळवलात, उपकार झाले. मूळ लॅटिन, तेंपुस म्हणजे काळ, म्हणून थोड्या काळापुरते ते टेंपररी. सगळे वाचले. फक्त थोडा काळ म्हणजे किती, एवढे त्या लॅटिन लोकांनी सांगून ठेवले असते तर माझी ज्वारी आज खळ्यावर असती.

(मागच्या पत्रात लाजेने सगळे लिहिले नव्हते, आता लिहितो.) दिवाळीनंतर सडक मोजायला एक ओव्हरसियर आला. माझ्या शेतात गाडी शिरायला दोन बांधांमधली एकच वाट, आणि त्याने नेमका तिथेच कमरेएवढा दगड पुरला. मी हरकत घेतली तर म्हणाला, "टेंपररी है, आठ रोज." इंग्रजी ऐकून मी गप्प बसलो (इंग्रजीपुढे गप्प बसायची आमच्या घराण्याची जुनी खोड). जाताना त्याने खुणेसाठी दगडाला लाल रंग फासला आणि तिथेच माझा घात झाला. मंगळवारी शेजारची धुरपताबाई रानात निघाली होती, तिने तो रंग शेंदूर समजून डोक्यावरची पाटी उतरवली आणि हात जोडले. पुढच्या मंगळवारी नारळ फुटला. त्याच्या पुढच्या मंगळवारी गावाने ठरवून टाकले, की हा म्हसोबा असून माझ्या आजोबांच्या वेळेपासून इथेच आहे. आजोबा याच वाटेने गाडी हाकत होते, हे ऐकायला कोणी तयार नाही. हा सरकारी दगड आहे, आठ दिवसांचा आहे, असे मी धुरपताबाईला परोपरीने समजावले. ती म्हणाली, "देव बसला की बसला, मालक. तुमी काहून तकलीफ करून घेऊन राहिले?"

तेव्हापासून बैल गोठ्यात बसून खातात आणि कणसे मी डोक्यावरून वाहतो. लोक नैवेद्य ठेवतात आणि कुत्र्यांवर लक्ष ठेवायला मलाच सांगतात. तीन अर्ज केले. कचेरीतून उत्तर आले, की दगड टेंपररी असल्याने त्याची दफ्तरात नोंद नाही, आणि नोंद नसलेला दगड काढता येत नाही.

तरी तुम्ही एक खणखणीत इंग्रजी अर्ज लिहून पाठवावा. त्यात ते लॅटिनही घालावे, साहेब जरा बिचकेल. लहानांना आशीर्वाद.

आपला,
तातेराव

ता. क. पत्र टाकायचे चार दिवस राहून गेले. धाकटी तापाने फणफणली होती. तिसऱ्या दिवशी ती मला ओळखेना. मास्तर, मी फार भ्यालो. भर दुपारी जाऊन त्या दगडापुढे डोके टेकले (तुमच्या बहिणीला हे ठाऊक नाही). संध्याकाळी पोरीला घाम फुटला आणि तिने भाकर मागितली.

आणखी ता. क. सडकेचे काम संपले म्हणून काल ओव्हरसियर पहार घेऊन आपणहून आला. मी दगडाला हात लावू दिला नाही. पलीकडून माझाच बांध फोडून गाडीला वाट केली आहे, ज्वारी घरी येते आहे. अर्ज लिहू नका. तुमच्या अमरावतीहून पितळेची एक घंटा पाठवा. चांगली जड पाहून घ्या, धाकटीच्या नातवंडांपर्यंत टिकायला हवी.