गुडघ्यापर्यंत

चिंचवड, गुरुवार, मार्च १९५७

तळहाताला फोड आलेत, तरी लिहितेच.

न्हाणीघराच्या भिंतीला पांढऱ्या फरश्या लावायचं ठरलं, पण सासूबाईंनी गवंड्याला बजावलं, "गुडघ्यापातूर बास. आमी जल्मभर तट्ट्याच्या आडोशाला न्हालो, काय बिघडलं?"

जुना चुना गुळगुळीत. त्याला खाचा पाडल्याशिवाय नवा गिलावा धरत नाही. गवंड्याने गुडघ्यापर्यंत खाचा पाडल्या आणि छिन्नी-हातोडा इथेच ठेवून घरी गेला.

गुडघ्यापर्यंत! पाणी काय गुडघ्यावर ओतून घेतात? मी तर डोक्यावरून घेते.

पदर खोचला आणि हात पोचेल तिथवर सगळी भिंत टोचून काढली. आता अशी भिंत कोण ठेवेल? गिलावा वरपर्यंत करावाच लागेल, आणि फरश्याही मी वरपर्यंतच लावून घेईन. चुकलं का माझं? मुळीच नाही. फोड दुखतायत, दुखू देत.

हे कारखान्यातून आले ते भिंतीकडे बघतच राहिले. "कुणी केलं हे?"

"मी."

सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "एवढ्या वर हात पोचला तरी कसा गं तुझा?"

तेव्हा बोलले नाही, इथे लिहिते. आज स्टूल घेतलं नव्हतं. उद्या घेणार आहे.