रिकाम्या सुपाचा फोटो

मंगळवार, अहेरी. दिवेलागणीची वेळ.

डोकं तापलं आहे. आमच्या बांबूच्या सुपांची वेबसाइट सून वंदना तयार करते आहे. पहिल्याच पानावर तिनं माझ्या बायकोचा फोटो घातला, रिकामं सूप पाखडताना! रिकामं सूप कोणी पाखडतं का? घरात दाणा उरत नाही त्यानं. जन्मभर सुपं विणली, आणि माझ्याच घरी हे?

"तांदूळ टाकले तर वीण झाकून जाते, बाबा," वंदना म्हणाली. "पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाले काय मालूम?"

"इथल्या बायकांले मालूम आहे ना! त्या घेतीन का आपलं सूप?"

फोटो चांगला आहे, ते खरं. वीण उठून दिसते. पण बायकोचा अंगठा असा काऊन दुमडलेला? सारखा तिकडेच डोळा जातो. शेवटी तिलाच विचारलं.

ती हसली. "रिकामं कुठी होतं? अंगठ्याखाली तांदळाचे पाच दाणे दाबून धरले होते मी. पोरीले सांगितलं नाई, रागावली असती."

म्हणजे तिनं सांभाळून घेतलं. मी उगाच... पण राग काही उतरत नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या सुपात, तिला तांदूळ लपवावे लागले!